खेळ : पाहण्याचा आणि खेळण्याचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेलो होतो. मामेभावाने नुकताच एक नवा व्हिडिओ गेम कन्सोल घेतला होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने घरातील सर्वांना टीव्हीसमोर बसवले आणि पडद्यावरचा पाऊस दाखवला. ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे हलत होती; घोड्याच्या आयाळीतला केस न् केस वाऱ्यावर उडत होता. "अगदी खरंच वाटतंय रे!" मामी म्हणाली. दहा-पंधरा मिनिटांनी ती स्वयंपाकघरात गेली, मामाने वर्तमानपत्र उघडले. दोन दिवसांनी धाकट्या मामेबहिणीला माळ्यावरच्या खोक्यात एक जुना 'ब्रिक गेम' सापडला. जत्रेत, बाजारात मिळत असे तोच : करड्या पडद्यावर दहा रकाने आणि वीस ओळी, ना रंग ना चित्र. त्यात नवे सेल घातले मात्र, घरातील पाच माणसे पाळी लावून खेळू लागली. मामी सर्वांत पुढे! मामेभाऊ चिडला. म्हणाला, "एवढा मोठा रंगीत पडदा सोडून त्या दोनशे चौकटींत काय पाहताय?"

त्याच्या या प्रश्नातील 'पाहताय' हा शब्द माझ्या मनात राहिला. कन्सोलच्या जगात एक वाद फार जुना आहे : यंत्राची चित्रे रेखाटण्याची ताकद, म्हणजे ग्राफिक्स, अधिक महत्त्वाची, की खेळाची रीत आणि खेळताना येणारी रंगत, म्हणजे गेमप्ले, अधिक महत्त्वाची? वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु आशय आणि अभिव्यक्ती यांचा जो प्रश्न आपण साहित्याच्या तासाला चर्चितो, त्याचेच हे भावंड आहे. प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

आपल्या भाषेत 'खेळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नाटकाचा खेळ असतो, सिनेमाचा रात्रीचा खेळ असतो, गारुड्याचा खेळ असतो. हा खेळ पाहावयाचा असतो. लगोरी, सागरगोटे, बुद्धिबळ हेही खेळच. पण ते खेळावयाचे असतात. पहिल्यात आपण प्रेक्षक, दुसऱ्यात कर्ते. व्हिडिओ गेम या दोन्ही अर्थांनी खेळ आहे, आणि सारा घोटाळा तेथेच होतो. ग्राफिक्स पहिल्या अर्थाची सेवा करते, गेमप्ले दुसऱ्या अर्थाचा. दुकानात यंत्र विकताना पहिला अर्थ उपयोगी पडतो, कारण चित्र क्षणात दाखवता येते. खेळण्यातील रंगत दाखवता येत नाही; ती हाताला यावी लागते.

तोकड्या साधनांची शाळा

प्रथम आरंभीच्या काळाकडे वळू. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारी कंपनीच्या कन्सोलमध्ये, जो पुढे 'अटारी २६००' म्हणून प्रसिद्ध झाला, कामचलाऊ स्मृती होती अवघी १२८ बाइट. एवढ्या जागेत हा परिच्छेदही मावणार नाही. अशा साधनांवर काम करणाऱ्यांना देखावा उभारणे शक्यच नव्हते. खेळाच्या नियमांतच रंगत शोधणे भाग होते.

१९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ केला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या पाच रांगा, एकूण ५५ आकृत्या, हळूहळू खाली सरकतात आणि खेळाडूने त्यांना टिपावयाचे असते. इतक्या आकृत्या हलवताना यंत्राची दमछाक होई. आकृत्या मरून कमी होत तसतशी यंत्रावरील कामाची ओझी हलकी होत आणि उरलेल्या आकृत्या आपोआप वेगाने पळू लागत. निशिकादो यांनी हा दोष दुरुस्त केला नाही. तो तसाच ठेवला. परिणाम असा झाला, की विजय जवळ येईल तसा खेळ कठीण होत गेला आणि खेळाडूची छाती धडधडू लागली. चढत्या अडचणीचे हे तत्त्व आज जवळजवळ प्रत्येक खेळात आढळते. यंत्राच्या दुबळेपणातून गेमप्लेचा एक नियम जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही. १९८० मध्ये हा खेळ अटारीच्या कन्सोलवर आला, तेव्हा केवळ त्याच्यासाठी लोकांनी कन्सोल विकत घेतले.

निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हे दुसरे उदाहरण. हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. जागा वाचवण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडपे यांना एकच आकृती वापरली, फक्त रंग बदलला. कोट्यवधी मुले तो खेळली, पण हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. कारण त्यांचे लक्ष उडीकडे होते. बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच; धावत येऊन मारली तर लांब. हा खेळ रचणारे शिगेरू मियामोतो हे संगणकाचे अभियंते नव्हते. त्यांनी कानाझावा येथील कला महाविद्यालयात औद्योगिक रचनेचे शिक्षण घेतले होते. उडीच्या त्या एका क्रियेवर त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी पुष्कळांनी संपूर्ण देखाव्यावरही घेतली नसेल.

गेम बॉयची कहाणी

तथापि या वादातील सर्वांत बोलका पुरावा १९८९ सालचा आहे. त्या वर्षी निन्टेन्डोने 'गेम बॉय' हा हातात धरून खेळावयाचा कन्सोल काढला. त्याचे प्रमुख शिल्पकार गुनपेई योकोई. हे गृहस्थ १९६५ मध्ये कंपनीत आले, तेव्हा कंपनी खेळण्याचे पत्ते बनवीत असे आणि योकोई यांचे काम होते कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्याचे. त्यांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : अगदी नव्या तंत्राच्या मागे धावू नये, जे तंत्र जुने, स्वस्त आणि खात्रीचे झाले आहे ते घ्यावे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग शोधावा. आपल्या भाषेत याला मुरलेल्या तंत्राचा नवा उपयोग म्हणता येईल.

गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता. रंग नाहीत, हिरवट पार्श्वभूमीवर फिक्यापासून गडदपर्यंत चार छटा. पडद्यामागे दिवाही नव्हता, त्यामुळे अंधारात खेळणे अशक्य. त्याच वर्षी अटारीने 'लिंक्स' काढला आणि १९९० मध्ये सेगा कंपनीने 'गेम गिअर'. दोहोंचे पडदे रंगीत आणि उजळ. शेजारी ठेवले तर गेम बॉय अगदी गरीब दिसावा. परंतु लिंक्स आणि गेम गिअर यांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तास सहज चाले, शिवाय किंमतही पुष्कळ कमी. प्रवासात खेळण्याच्या वस्तूला चौथ्या तासाला सेल संपणे परवडत नाही. गेम बॉय आणि त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे खपली. गेम गिअरचा आकडा सुमारे एक कोटीवर थांबला.

या यशातील निम्मा वाटा एका खेळाचा होता, आणि तोच मामीच्या हातातील ब्रिक गेमचा पूर्वज. १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' रचला. ज्या संगणकावर त्यांनी तो प्रथम केला, त्या 'इलेक्ट्रॉनिका ६०'ला चित्र काढताच येत नव्हते. फक्त अक्षरे आणि चिन्हे उमटत. पाजित्नोव यांनी कंसाच्या चिन्हांपासून चौकोन बनवले. चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून पडतात, त्या फिरवून बसवावयाच्या. ओळ पूर्ण झाली की नाहीशी होते. चूक मात्र साचत जाते. एवढाच नियम! चित्रशक्ती शून्य असलेल्या यंत्रावर जन्मलेला हा खेळ आज चाळीस वर्षांनंतरही जगभर खेळला जातो. अमेरिकेत गेम बॉयबरोबर तो दिला गेला, आणि मुलांसाठी म्हणून घेतलेले यंत्र आईवडिलांच्या हाती गेले.

दुसरी बाजू

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की मग ग्राफिक्स म्हणजे निव्वळ नटवेपणा. पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मामेभावाचा एक मुद्दा मला मान्य करावा लागला. तो म्हणाला, "ताकद वाढली नसती, तर काही खेळ जन्मलेच नसते." हे खरे आहे.

१९९६ मध्ये निन्टेन्डो ६४ हा कन्सोल आला आणि त्याबरोबर 'सुपर मारिओ ६४'. तोवर मारिओ डावीकडून उजवीकडे धावत असे. आता तो मोकळ्या अवकाशात कोठेही जाऊ लागला. त्रिमितीचे गणित क्षणोक्षणी करण्याची ताकद जुन्या यंत्रांत नव्हती. पण या नव्या ताकदीचा उपयोग मियामोतो यांच्या चमूने कसा केला, ते पाहण्यासारखे आहे. मोठाले देखावे उभारण्यापूर्वी त्यांनी मारिओला एका सशामागे नुसते पळवून पाहिले. धावणे, वळणे, उडी मारणे हेच आनंददायक झाल्यावर पुढचे काम. २००५ मधील 'शॅडो ऑफ द कोलोसस' या फुमितो उएदा यांच्या खेळात डोंगराएवढे प्राणी आहेत आणि त्यांच्या केसाळ अंगाला धरून वर चढावयाचे आहे. येथे प्राण्याच्या अंगावरील केस शोभेचे नाहीत. ते खेळाडूच्या हाताचा आधार आहेत. प्लेस्टेशन २ च्या ताकदीवाचून हा अनुभव देता आला नसता.

उलट, दुबळे यंत्र म्हणजे उत्तम खेळ, असेही समीकरण नाही. खुद्द योकोई यांचाच १९९५ मधील 'व्हर्च्युअल बॉय' साफ कोसळला. तांबड्या-काळ्या चित्रांत खोलीचा भास, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याचे दहा लाख नगही खपले नाहीत. माझ्या मते त्यात पाहण्याजोगे काही नवे होते, करण्याजोगे फारसे नव्हते. २००६ मध्ये निन्टेन्डोचा 'वी' आला. तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांच्या तुलनेत ताकदीने बराच उणा होता. पण हातातील काठीसारखे साधन हलवून टेनिस खेळता येई. तो दहा कोटींहून अधिक खपला आणि त्या दोघांच्याही पुढे गेला. मात्र २०१२ मधील त्याचा वारस 'वी यू' हाही ताकदीने उणाच असून सुमारे १ कोटी ३५ लाखांवर अडखळला. तेव्हा उणी ताकद हा काही गुण नव्हे.

एक कसोटी

मग निर्णय कसा करावा? मला वाटते, यंत्राच्या नव्या ताकदीला एकच प्रश्न विचारावा : तुझ्यामुळे खेळाडूला काय *करता* येईल, जे पूर्वी करता येत नव्हते? मारिओ ६४ याचे उत्तर देतो : मोकळ्या जागेत हिंडता येईल. कोलोसस देतो : जिवंत डोंगरावर चढता येईल. वी देतो : हात फिरवून चेंडू मारता येईल. जेथे उत्तर "अधिक सुंदर दिसेल" एवढेच येते, तेथे तो खेळ पहिल्या अर्थाने खेळ झाला. आणि पाहण्याची नवलाई पंधरा मिनिटांत ओसरते, हे मामीने दाखवून दिलेच आहे. अशा रीतीने पाहिल्यास ग्राफिक्स आणि गेमप्ले हे तराजूच्या दोन पारड्यांत ठेवण्याचे पदार्थच नाहीत. ग्राफिक्स हे साधन, गेमप्ले हे साध्य.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. देखाव्याची स्पर्धा वाढली की खर्च वाढतो. आज मोठ्या कन्सोलवरील एका भव्य खेळासाठी शेकडो माणसे कित्येक वर्षे राबतात. एवढा पैसा गुंतला की नवे काही करून पाहण्याचे धाडस कोण करणार? मग जुन्याच खेळाला नवे केस आणि नवा पाऊस चढवून पुन्हा बाजारात आणले जाते. याउलट 'माइनक्राफ्ट'ची सुरुवात २००९ मध्ये एकट्या मार्कुस पेर्सन यांनी ओबडधोबड ठोकळ्यांवर केली. त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. 'स्टार्ड्यू व्हॅली' (२०१६) हा शेतीवरील खेळ एरिक बॅरोन यांनी चार वर्षे खपून एकट्याने पुरा केला. त्याची चित्रे तीस वर्षांपूर्वीच्या कन्सोलवर शोभावीत अशी आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी महागडा कन्सोल नाही. एखाद्याच्या मनात खेळ रचण्याची हौस असली, तर "आपल्याकडे तेवढं मशीन कुठे आहे?" म्हणून तो ती सोडून देतो. त्याने पाजित्नोव यांचे कंस आठवावेत. खेळ रचण्यासाठी आधी नियम सुचावा लागतो, आणि नियम कागदावरही सुचतो. पटावरील सोंगट्यांना कोणी चेहरे काढले नव्हते, तरी पिढ्यान् पिढ्या माणसे रात्र रात्र त्यांच्याभोवती जागली.

असो. सुट्टी संपवून निघालो, त्या सकाळी मामेभाऊ त्याच्या कन्सोलवर खेळत बसला होता. पाऊस तसाच पडत होता, पण आता त्याचे पावसाकडे लक्ष नव्हते. पलीकडच्या छपरावर उडी नेमकी कोठून मारावी, याचा तो विचार करीत होता. तीनदा पडला, चौथ्यांदा पोहोचला, आणि ओरडला. त्या क्षणी आम्हा दोघांतील वाद मिटला, असे मला वाटले. त्याला मात्र मी तसे बोललो नाही. कारण ब्रिक गेममधला त्याचा सर्वांत मोठा आकडा अजून मामीच्या आकड्याच्या खालीच होता.