ताळा जुळल्याशिवाय बिल नाही

शेल स्क्रिप्ट चुकली की बंद पडते, असं नवख्या माणसाला वाटतं. बंद पडली तर नशीबच म्हणायचं! खरा घात होतो तो न थांबता, न कुरकुरता चुकीचा आकडा हातात ठेवणाऱ्या स्क्रिप्टमुळे. उंब्रज आणि आसपासच्या गावांतल्या दूध संस्था, पतपेढ्या, शाळा यांच्या याद्या निस्तरून देण्याचं काम मी हौसेनं करतो. लिनक्सवर असलं काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल तेवढं इथे सांगतो.

एका दूध संस्थेत दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. संकलनाच्या मशीनमधून सकाळ-संध्याकाळच्या नोंदी एका सीएसव्ही फाइलमध्ये येतात: खाते नंबर, नाव, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ. त्यावर गावातल्याच एका पोरानं पुण्याला नोकरीला जाण्याआधी लिहून दिलेली स्क्रिप्ट चालायची. एकदा बिलवाटपाच्या दिवशी एक मावशी आपलं कार्ड घेऊन काउंटरवर आल्या. "सायेब, माझं दोन टायमाचं दूध गेलं कुठं?" सचिवांनी मला बोलावून घेतलं. फाइल उघडली, तर मावशींच्या नोंदी जिथल्या तिथं होत्या. लिटरही कार्डाप्रमाणेच. फक्त बेरजेत ते धरलेले नव्हते.

कारण साधं होतं. त्या दोन वेळा लाइट गेली होती. क्लार्कनं माप वहीत लिहून घेतलं आणि नंतर हातानं फाइलमध्ये भरलं, मराठी कीबोर्डवरून. म्हणजे साडेसहा लिटरचा आकडा इंग्रजीऐवजी ६.५ असा देवनागरीत पडला. आपल्याला दोन्ही सारखेच. बेरीज करणाऱ्या ऑकला मात्र देवनागरी आकडा हा आकडा वाटतच नाही. अक्षरांची किंमत तो शून्य धरतो आणि पुढच्या ओळीवर जातो. एकूण बेरीज शून्य आली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. ती आली थोडीशीच कमी, म्हणून कुणाला शंका आली नाही.

हा ऑकचा बिघाड नव्हे, त्याचा स्वभाव आहे. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी १९७७ मध्ये बेल लॅब्समध्ये तो लिहिला, तेव्हाच ठरलं होतं की मजकुराच्या सुरुवातीला जेवढा आकडा असेल तेवढा घ्यायचा, नसेल तर शून्य. त्यामुळे वर शीर्षकाची ओळ असली तरी बेरीज अडत नाही, ही सोय. पण याच सोयीपायी आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहिलेले सव्वा लाख रुपये ऑकच्या हिशेबी एक रुपया होतात. पतपेढीच्या याद्यांमध्ये हे हमखास सापडतं.

म्हणून पहिला नियम: बेरजेआधी संशयित ओळी छापायच्या. लिटरच्या रकान्यात इंग्रजी आकडे आणि दशांशचिन्ह सोडून दुसरं काहीही असेल, तर ती ओळ पडद्यावर आली पाहिजे. ऑकमध्ये ही एका ओळीची अट आहे. ती ओळ लिहायचा आळस केला, की पुढचं सगळं नशिबावर.

आता देवनागरी आकडे इंग्रजीत कसे आणायचे? बहुतेकांना आधी टीआर आठवतो, आणि तिथेच गडबड होते. लिनक्सवरचा प्रचलित टीआर अक्षर ओळखत नाही, बाइट ओळखतो, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षर ३ बाइटचं असतं. युनिक्समध्ये पाइप १९७३ मध्ये आला. त्या काळात एक अक्षर म्हणजे एक बाइट, हे गृहीतच होतं. यूटीएफ-८ आलं १९९२ मध्ये. ते रचणाऱ्या दोघांपैकी एक केन थॉम्पसन, म्हणजे युनिक्सचाच एक जन्मदाता. पण जुन्या हत्यारांच्या सवयी यूटीएफ-८ मुळे आपोआप सुटल्या नाहीत. या कामाला सेडची 'वाय' ही आज्ञा वापरा. एकीकडे शून्य ते नऊ देवनागरीत, दुसरीकडे त्याच क्रमानं इंग्रजीत. काम चोख होतं.

चोख, पण लोकेल यूटीएफ-८ असेल तरच. टर्मिनलवर ते सहसा असतं, क्रॉनमधून रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टला अनेकदा मिळत नाही. मग तीच सेडची ओळ 'दोन्ही याद्यांची लांबी वेगळी' अशी तक्रार करून बंद पडते, कारण तिला एकीकडे ३० बाइट दिसतात आणि दुसरीकडे १०. वाईट म्हणजे पाइपमध्ये शेवटची आज्ञा नीट संपली की शेल सगळी साखळीच यशस्वी धरतो. म्हणून स्क्रिप्टच्या डोक्यावरच लोकेल लिहा आणि बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू ठेवा. "माझ्या हातानं चालवली तर चालते" या तक्रारीचं मूळ बहुधा इथे किंवा क्रॉनच्या तोकड्या पाथमध्ये सापडतं.

नावांचा घोळ याहून अवघड. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी ऱ हे वेगळं अक्षर वापरून, तर कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ, पण ग्रेप बाइट जुळवून पाहतो, त्यामुळे निम्मेच कुऱ्हाडे सापडतात. गावाचंही तेच. उंब्रज आणि उम्ब्रज ही मशीनच्या लेखी दोन गावं. यावर माझा उपाय एकच: नावावरून जुळवाजुळव करायचीच नाही. खाते नंबरावरून करायची, आणि नाव फक्त छापण्यापुरतं ठेवायचं.

विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह असतं. शेवटचा रकाना गावाचा असला तर 'उंब्रज'शी तुलना केल्यावर एकही ओळ जुळत नाही. 'फाइल' ही आज्ञा चालवली की ती सीआरएलएफ असं स्पष्ट सांगते. डॉसटूयुनिक्स चालवा आणि मगच पुढे जा.

बाकीचे खड्डे झटपट सांगतो. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी काढतो, म्हणून आधी सॉर्ट. सॉर्टचं उत्तर त्याच फाइलमध्ये वळवू नका. सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतो. त्यासाठी 'मायनस ओ' आहे. 'दूध बिल' अशी मधे जागा असलेली फाइलनावं आपल्याकडे सर्रास असतात, तेव्हा व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच. नाहीतर आरएम 'दूध' आणि 'बिल' अशा दोन फाइली शोधत बसतो. पुसण्याची आज्ञा लिहिली की आधी तिच्यापुढे एको लावून काय पुसलं जाणार ते वाचा. आणि महिन्याच्या आकड्यावर गणित असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर जपा. पुढे शून्य असलेली संख्या बॅश अष्टमान समजतो, त्यामुळे जुलैपर्यंत सुरळीत चाललेली स्क्रिप्ट ०८ आणि ०९ वर अडते. शेलचेक नावाचं मोफत साधन अवतरणचिन्हांसारख्या बऱ्याच चुका आधीच दाखवतं. ते वापरायला कमीपणा मानू नका.

त्या दूध संस्थेची स्क्रिप्ट आता वेगळ्या क्रमानं चालते. आधी मूळ फाइलची प्रत. मग आलेल्या ओळी आणि बेरजेत धरलेल्या ओळी यांची मोजणी. मग संकलन वहीतली लिटरची बेरीज हातानं टाकून ताळा. दोन्ही जुळलं तर बिल, नाहीतर चुकलेल्या ओळी छापून स्क्रिप्ट थांबते. सुरुवातीला सचिव वैतागले, कारण ऐन बिलाच्या आदल्या रात्री काम अडायचं. पण रात्री क्लार्कशी दहा मिनिटं हुज्जत घालणं परवडतं. सकाळी काउंटरवर उत्पादकांशी घालणं परवडत नाही. हे आता सचिवच नव्या क्लार्कला सांगतात.