हनुवटीवर पडलेलं मूल

थोडाफार वाकडा चेहरा सगळ्यांचाच असतो. पण वस्तीत तपासणी करताना आम्ही मुलांना सांगतो, स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घाल. जात नसतील तर आईला विचारतो, हा हनुवटीवर पडला होता का? अशा माराने कानापुढचा जबड्याचा सांधा मोडू शकतो, पुढे जखडतो. त्या बाजूचा जबडा वाढत नाही, हनुवटी तिकडेच सरकते. नजर नव्हे, ग्रहणही नव्हे.

शस्त्रक्रियेने सांधा मोकळा होतो. मग तोंड उघडण्याचा व्यायाम कित्येक महिने, मूल रडलं तरी. सोडला तर सांधा पुन्हा जखडतो. उरलेला वाकडेपणा वाढ थांबल्यावर, साधारण १७-१८व्या वर्षी, आधी दातांना तारा लावून, मग हाड सरकवून काढतात. मुंबई, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुलगी लग्नाला आली की पालक धावतात. तोवर तिने कैक वर्षं पातळ भातावर काढलेली असतात.