प्लास्टर रूम बंद करू नका

साथ आली की रुग्णालयाच्या प्रशासनाचं लक्ष सगळ्यात आधी अस्थिरोग विभागाच्या खाटांकडे जातं. २०२०च्या मार्चमध्ये आमच्या शासकीय रुग्णालयात तेच झालं, आणि ते योग्यच होतं. गुडघे बदलायच्या शस्त्रक्रिया थांबल्या, पुरुषांचा वॉर्ड कोविडसाठी गेला, निवासी डॉक्टर फीव्हर ओपीडीत लागले. ऑक्सिजन आणि माणसं दोन्ही अपुरी असताना जुनी गुडघेदुखी थोडी थांबू शकते. माझी हरकत वेगळीच आहे. शस्त्रक्रिया थांबवण्याच्या आदेशात रुग्णांचे दोनच गट होते, तातडीचे आणि नियोजित. आमचे बरेचसे रुग्ण या दोहोंच्या मधले असतात. आज हात लावला नाही तर त्यांचा जीव जात नाही, पण दोन महिन्यांनी लावून फारसा उपयोगही होत नाही. कोणताही वॉर्ड रिकामा करून देण्याआधी विभागप्रमुखाने या मधल्या रुग्णांची नावानिशी यादी करावी आणि ती अधीक्षकांच्या हातात द्यावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

जन्मतः पाय आत वळलेली बाळं या यादीत सगळ्यात वर हवीत. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाय हाताने थोडा थोडा सरळ करून नवं प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टर झाली की बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठ शीर छोटा छेद देऊन मोकळी करावी लागते, मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर आणि त्यानंतर पट्टीने जोडलेले बूट. या साखळीची एक कडी तुटली की मिळवलेलं हातचं जातं. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, ओपीडी बंद, आणि बाळाच्या पायावर आठवड्याचं प्लास्टर तसंच. एक आई दुधाच्या टेम्पोतून आली. म्हणाली, “सर, बोटं दिसेनाशी झाली म्हणून घेऊन आले.” प्लास्टर खाली घसरलं होतं, टाच जागेवर नव्हती आणि मांडीच्या काठाशी कातडी सोलवटली होती. बोटं आत गेली म्हणजे प्लास्टर घसरलं, आणि घसरलेलं प्लास्टर नसलेलंच बरं, ही गोष्ट प्लास्टर रूममधल्या प्रत्येकाला ठाऊक असते. घरच्यांपर्यंत मात्र ती पोचलेली नसते.

त्यानंतर आमच्या प्लास्टरवाल्या मामांनी एक साधी सोय केली. शेवटच्या गुंडाळीचं टोक ते दुमडून मोकळं ठेवू लागले आणि त्यावर पेनाने खूण करू लागले. आईला समोर बसवून दाखवायचे: कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, प्लास्टर मऊ झालं की हे टोक धरून उलटं सोडवत जायचं, कात्री-सुरी लावायची नाही. हे फक्त पांढऱ्या प्लास्टरला चालतं, फायबरच्या कास्टला चालत नाही. पुन्हा साथ आली तर प्लास्टर रूम आठवड्यातून निदान दोन दिवस उघडी हवी. तिचं दार मुख्य इमारतीतून नको, बाहेरून हवं, म्हणजे बाळाला कोविडच्या रांगेतून न्यावं लागणार नाही. अशी जागा शांततेच्या काळातच शोधून ठेवता येते.

दुसरा मोठा प्रश्न खुब्याच्या फ्रॅक्चरचा. रस्ते ओस पडले तसे अपघात कमी झाले, पण म्हातारी माणसं न्हाणीघरात आणि उंबऱ्याशी पडतच राहिली. सुरुवातीला आमचा स्वॅब दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायचा. रिपोर्ट येईपर्यंत आजी पायाला वजन लावून ट्रॅक्शनमध्ये. कोविड असताना शस्त्रक्रिया करण्याची भीती निराधार नव्हती. मे २०२०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या, शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झालेल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांपैकी जवळजवळ २४ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले होते. पण खुबा मोडलेलं म्हातारं माणूस खाटेवर पडून राहिलं तर तेही सुरक्षित नसतं. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून रिपोर्टची वाट पाहत दिवस घालवू नयेत. रुग्णाला कोविड आहे असंच धरून तयारी करावी, शक्य तिथे पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यावी आणि ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी. ज्यांचा ऑक्सिजन आधीच घसरतो आहे त्यांचा निर्णय भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्यासोबत बसूनच घ्यावा. तिथे घाई जीवघेणी ठरते.

अशा शस्त्रक्रियेची तालीम आधी कोरडी करावी, हे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे सी-आर्म हे एक्स-रे यंत्र लागतं, म्हणजे शिशाचा एप्रन आला. तो पीपीई किटच्या आत घालावा लागतो. एसी बंद, चष्म्यावर वाफ, दोन मास्कमधून निघालेला आवाज समोरच्या सिस्टरपर्यंत पोचत नाही. इम्प्लांट कंपनीचा माणूस आत नाही, आणि ऐन वेळी हवा तो स्क्रू ट्रेमध्ये नाही. म्हणून ट्रे आदल्या दिवशी उघडून प्रत्येक मापाचा नग मोजायचा आणि शस्त्रक्रियेचे टप्पे पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. बोटांच्या खुणा ठरवून घ्यायच्या: एक बोट म्हणजे सक्शन, दोन म्हणजे ड्रिल. ड्रिल आणि करवत यांनी रक्ताचे बारीक तुषार उडतात, म्हणून वेग कमी आणि सक्शन अगदी जवळ. आत माणसं गरजेपुरती, आणि त्यांत अनुभवी हात आधी. शिकाऊ डॉक्टरांनी त्या काळात शिकायचं कधी, हा प्रश्न रास्तच आहे, पण तो त्या टेबलावर सोडवायचा नसतो.

संसर्ग पसरू नये म्हणून कर्मचाऱ्यांच्या तुकड्या पाडताना बहुतेक ठिकाणी फक्त डॉक्टर वाटले जातात. मामा, मावशी, एक्स-रे तंत्रज्ञ, सफाई कामगार सगळ्या तुकड्यांमध्ये फिरत राहतात आणि तुकड्या कागदावरच वेगळ्या उरतात. संसर्ग ऑपरेशन थिएटरमध्ये कमी आणि चहाच्या खोलीत जास्त पसरताना मी पाहिला. तिथे सगळे मास्क काढून एकत्र बसतात. चहाच्या वेळाही तुकडीप्रमाणे वाटा. कंत्राटी कामगारांना किट आणि विलगीकरणाची पगारी रजा कायम कर्मचाऱ्यांइतकीच मिळते का, ते प्रमुखाने स्वतः पाहावं. रजा मिळत नसेल तर माणूस ताप लपवून कामावर येतो. त्यात त्याचा दोष नाही.

टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २५ मार्च २०२० रोजीच काढली, त्यामुळे फोनवरून सल्ला देण्याला आधार मिळाला. अडचण फोन नंबरची निघाली. केसपेपरवरचा नंबर पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा, आणि रुग्ण गावात. केसपेपरवर दोन नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा. कच्चं प्लास्टर घालून घरी पाठवताना नातेवाइकाला नख दाबून दाखवा: सोडल्यावर ते लगेच परत गुलाबी व्हायला हवं. वेदना गोळीने कमी न होता वाढत असेल, बोटं सरळ करताना कळ जात असेल, मुंग्या येत असतील, तर वरची पट्टी सैल करून थेट निघायचं, मग रात्र असो की संचारबंदी. पोलिसांना दाखवायला तसा कागद लिहून सोबत द्या. जिथे जमेल तिथे आपोआप विरघळणारे टाके घाला, एक खेप वाचते.

तरीही खूप जण आलेच नाहीत. जून-जुलैत कोपर वाकडं जुळलेली मुलं येऊ लागली. काहींच्या हाताला हाडवैद्याने कामट्या करकचून बांधलेल्या होत्या. त्या आईबापांवर ओरडणाऱ्या निवासी डॉक्टरांना मी थांबवत असे. दवाखान्याच्या दारावर कुलूप पाहून ते परत गेले होते. मणक्याच्या क्षयाचे रुग्ण त्याहून काळजीचे. पाठ दुखते म्हणून ते घरी बसले, आणि आले तेव्हा पायांतली ताकद गेलेली. फोनवर ‘पाठ दुखते’ असं कोणी म्हटलं की संध्याकाळचा ताप, वजन घटणं आणि पाय जड पडणं याबद्दल विचाराच.

आणि साथ ओसरली की काम संपलं असं धरू नका. कोविडमध्ये स्टेरॉइडने अनेक जीव वाचले, पण त्याच स्टेरॉइडमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असे तीन रुग्ण नोंदवले. कोविडनंतर जांघेत दुखतं असं तरुण माणूस म्हणाला आणि एक्स-रे साफ आला, तरी त्याला घरी पाठवू नका, एमआरआय करा. सुरुवातीला एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, आणि गोळा बसायच्या आधी सापडला तर औषधाने तो वाचवायची संधी असते.

थांबवलेल्या गुडघ्यांची यादी पुन्हा उघडताना आधीचा क्रमांक बाजूला ठेवून प्रत्येकाला फोन करा आणि एकच विचारा: संडासापर्यंत स्वतः जाता का? ज्यांचं उत्तर नाही असेल, त्यांना पहिल्या आठवड्यात बोलवा.