भाड्याच्या घरातील सौर बंब कोणाचा?

प्रश्न : जवळा बाजार (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) येथे भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाला विजेचा व पाण्याचा वापर कमी करायचा असून त्यासाठी कमी विजेचे पंखे, गच्चीवर सौर बंब व पावसाचे पाणी साठवणारी टाकी बसवण्याचा विचार आहे. करार तोंडी, भाडे दरमहा आणि वीज मालकाच्या मीटरवरून आहे. घर सोडताना हा खर्च परत मिळतो का, वस्तू सोबत नेता येतात का, आणि सौर पॅनेलसाठी अनुदान मिळेल का?

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व मराठवाड्यात तोवर चालू असलेला १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा त्याने रद्द केला, तरीही तो सरसकट प्रत्येक गावाला लागू होत नाही, अनुसूचींत नोंदलेल्या क्षेत्रांपुरताच लागू होतो. म्हणून ग्रामपंचायत हद्दीतील घराबाबत आधी ही बाब तपासावी. तो लागू नसल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १०८ पाहावे लागते. त्यानुसार भाडेकरूने जमिनीला वा इमारतीला जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेता येतात, मात्र घर मूळ स्थितीत परत करावे लागते. ताबा सोडल्यावर हा हक्क उरत नाही. मालकाच्या संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम मात्र करता येत नाही. भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तेथे तर लेखी संमतीविना केलेले असे बांधकाम घर खाली करवून घेण्याचे कारण ठरते. त्यामुळे नळजोडणी सोडवून उतरवता येणारा बंब किंवा प्लास्टिकची टाकी सोबत नेता येईल, पण विटा-सिमेंटचे टाके मालकाचेच होऊन बसेल.

खर्चाच्या परताव्याबाबत अपेक्षा ठेवू नये. जी दुरुस्ती करणे मालकाचे कर्तव्य आहे ती सूचना देऊनही त्याने वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूला ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. सुधारणा ही दुरुस्ती नव्हे, म्हणून तिचा खर्च वेगळा करार नसल्यास मिळत नाही. शिवाय महिनेवारीच्या भाडेपट्ट्यात पंधरा दिवसांच्या नोटिशीने पट्टा संपवता येतो. एवढ्या अस्थिर ताब्यावर वर्षानुवर्षांनी वसूल होणारी गुंतवणूक करणे शहाणपणाचे नाही.

खरा पैसा मीटरमध्ये आहे, आणि प्रश्नात तोच मुद्दा राहून गेला आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो, म्हणजे महिन्याच्या पहिल्या शंभर युनिटांना कमी आणि त्यापुढील युनिटांना जास्त दर लागतो. एका मीटरवर प्रत्येकी ८० युनिट वापरणारी तीन कुटुंबे असल्यास एकूण २४० युनिट होतात व त्यांपैकी १४० युनिट महाग टप्प्यात जातात, जरी एकाही कुटुंबाने शंभरी गाठलेली नसली तरी. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार मालकाप्रमाणे जागेचा ताबेदारही वीजजोडणी मागू शकतो, त्यामुळे स्वतंत्र मीटरचा अर्ज भाडेकरूलाही करता येतो; अर्थात ताब्याचा पुरावा लागत असल्याने तोंडी करार येथे अडचणीचा ठरतो. त्याखालोखाल पंखा येतो : ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा लावला आणि तो दिवसाला पंधरा तास चालला, तर महिन्याला सुमारे वीस युनिट वाचतात, आणि घर बदलताना तो सहज उतरवता येतो.

सौर पॅनेलचा प्रश्न वेगळा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण पॅनेल सुमारे पंचवीस वर्षे टिकणारे आणि गच्ची मालकाची, म्हणून अर्ज मालकानेच करावा व भाड्यात त्याचा हिशेब कसा धरायचा हे दोघांनी ठरवावे.

करार मात्र आधी लेखी करावा. त्यात काढून नेता येणाऱ्या वस्तूंची यादी, त्या नेण्याची मुभा आणि स्वतंत्र मीटरला मालकाची संमती ही तीन कलमे घालून घ्यावीत, आणि ती मिळेपर्यंत पंख्यापलीकडे खर्च करू नये.