मोबाइलमधील कागदपत्रे लिनक्स संगणकावर कशी घ्यावीत?

भूगाव व मुळशी परिसरातील आपल्या विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका यांची छायाचित्रे आज मोबाइलमध्येच पडून असतात. मोबाइल हरवला अथवा बिघडला की महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या ऐन वेळी धावपळ होते. म्हणून एक प्रत संगणकावर असावीच, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ज्यांच्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली आहे, त्यांच्यासाठी हे टिपण.

पुष्कळजण व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवतात. तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा आकार कमी केला जातो आणि दाखल्यावरील बारीक अक्षरे, शिक्का पुसट होतो. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. आम्हास मात्र केबलच खात्रीची वाटते.

अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडला की बहुधा तो नुसता चार्ज होऊ लागतो. मोबाइलचे लॉक उघडावे, पडद्यावर वरून खाली बोट ओढावे आणि यूएसबीच्या सूचनेतून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. मग संगणकाच्या फाइल मॅनेजरमध्ये मोबाइलचे नाव दिसते. कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ या फोल्डरमध्ये सापडतात. सूचनाच आली नाही तर केबल बदलून पाहावी. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात.

गंमत अशी की अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच. एकाच कुळातील ही दोन यंत्रे एकमेकांशी बोलतात ती मात्र मायक्रोसॉफ्टने घडविलेल्या एमटीपी या पद्धतीने! पूर्वी मोबाइल आपले मेमरी कार्ड पेन ड्राइव्हप्रमाणे संगणकाच्या स्वाधीन करी व तेवढा वेळ ते त्याला स्वतःला वापरता येत नसे. २०११ च्या सुमारास अँड्रॉइडमध्ये एमटीपी आली. आता साठा मोबाइलच्याच ताब्यात राहतो. संगणक मागेल ती फाइल तो काढून देतो. म्हणूनच फाइल मोबाइलमध्ये असतानाच संगणकावरून उघडून दुरुस्त करू नये, आधी उतरवून घ्यावी.

‘कट’ न करता ‘कॉपी’च करावे. उतरलेली प्रत उघडून त्यावरील नाव व क्रमांक वाचून पाहावेत, मगच मोबाइलमधील फाइल काढावी. केबल ओढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करावे.

केबल नसल्यास केडीई कनेक्ट हे विनामूल्य ॲप दोन्हीकडे बसवावे. मोबाइल व संगणक एकाच वायफायवर असले की त्यांची जोडी जुळवता येते. इंटरनेटचा डेटा त्यात खर्च होत नाही. जोडी जुळत नसेल तर संगणकाच्या फायरवॉलमध्ये १७१४ ते १७६४ हे पोर्ट खुले करावेत.