बालकथेचा शेवट : रचना आणि परिणाम

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस बालकथेचा शेवट व तात्पर्य यांतील भेद सांगता येईल. तसेच शेवटाची पूर्वतयारी कथेत कशी होते, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन
कथेच्या आरंभी मुलाच्या मनात जो प्रश्न निर्माण होतो, त्याचे उत्तर कथेतील घटनांतूनच मिळाले, म्हणजे शेवट समाधानकारक होतो.

चिऊ-काऊची परिचित लोककथा पाहा. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, अशी कारणे सांगून चिमणी त्याला थांबवत राहते. ‘चिमणी दार उघडेल का?’ हा या कथेचा मध्यवर्ती प्रश्न होय. येथे पुनरावृत्तीचे कार्य महत्त्वाचे आहे. विनंती तीच आणि उत्तराचा साचाही तोच असल्याने पुढचे वाक्य मूल ओळखू लागते. चिमणीचे उत्तर बदलते, तेव्हा शेवट जवळ आल्याचे त्याला भाषेवरूनच कळते.

दार उघडल्यानंतर मात्र कथने वेगळी होतात. काहींत कावळ्याला चटका बसतो. काहींत त्याला ऊब व आसरा मिळतो. पहिला शेवट स्वीकारायचा, तर कावळ्याचा अपराध आधी दिसला पाहिजे. घर कच्चे होते एवढ्याच कारणाने झालेली शिक्षा मुलाच्या न्यायबुद्धीला पटत नाही. दुसऱ्या शेवटासाठी चिमणीचे मन बदलण्याचे कारण हवे, उदा., दाराच्या फटीतून दिसलेले कावळ्याचे भिजलेले पंख. ऐकणारे मूल कधी चिमणीच्या उबदार घरात असते, तर कधी कावळ्याबरोबर दाराबाहेर पावसात उभे असते. शेवट लिहिताना या दुसऱ्या मुलाचा विसर पडू देऊ नये.

इसापनीतीत तात्पर्य हा रचनेचाच भाग मानला जातो. इतर बालकथांत ‘म्हणून मुलांनो’ असे सुरू होणारे वाक्य जोडल्यास घटनेने दिलेले उत्तर दुबळे होते. असे वाक्य खोडून कथा पुन्हा वाचावी. अर्थ उणावला नाही, तर ते वाक्य अनावश्यक होते. अर्थ उणावलाच, तर आधीच्या प्रसंगांची फेरमांडणी करावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘म्हातारी आणि भोपळा’ या लोककथेत म्हातारीने वाघाला दिलेले वचन आणि तिचा परतीचा प्रवास यांतील संबंध स्पष्ट करा.
२. चिऊ-काऊच्या कथेचा तात्पर्यविरहित शेवट पाच वाक्यांत लिहा.