काट्यापाशी

तंजावर



व्यवस्थापन विद्यालयात तुला यंदा नीती व सामाजिक दायित्व हा विषय शिकवावयाचा आहे, आणि विद्यार्थी त्याकडे गुणांपुरती एक बाब म्हणून पाहतात, हे पत्रावरून कळले. दोष सर्वस्वी त्यांचा नाही. जो विषय हिशेबापासून तोडून वेगळ्या तासाला शिकविला जातो, तो हिशेब लिहिताना आठवत नाही.

ओरत्तनाडचे छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, तू लहानपणी माझे बोट धरून पाहिले आहेस. येथील दुसऱ्या सरफोजी महाराजांनी ते आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ 1802 साली बांधले. परंतु वर्गात सांगावयाचा प्रसंग त्याच्या आदल्या वर्षाचा आहे. 1799 च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारकडे जाऊन महाराजांकडे किल्ला, एक लक्ष होनांची नेमणूक व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले असता, त्यांनी 1801 मध्ये कंपनीचे रेसिडेंट टॉरिन यांस पत्र लिहून छत्रे चालू राहावीत म्हणून रदबदली केली. आणि त्या पत्रात वाटसरूंस अन्न, आजाऱ्यांस वैद्य, गरोदर स्त्रियांस शुश्रूषा व तेथे पोरक्या झालेल्या मुलांस पंतोजी, असा तेथील एकेक खर्च त्यांनी उलगडून सांगितला. उत्पन्न आटल्यावर तुम्ही पहिली कात्री कोणत्या बाबीस लावाल, एवढेच विद्यार्थ्यांस विचार, आणि उत्तर ताळेबंदावर लिहून माग. 2013 चा कंपनी कायदा मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगतो, ते इष्टच आहे. पण तो नफा कोणाच्या पदरातून आला, हा प्रश्न त्या दोन टक्क्यांनी मिटत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो. तरुणपणी एका भातगिरणीत मी रोजकीर्द लिहीत असे. कुरुवै हंगामाचे भात पावसात भिजून येई, ओलाव्यापोटी किती तूट धरावयाची हे मालक काट्यापाशी उभा राहून मनास येईल तसे ठरवी, आणि मी ते आकडे सुवाच्य अक्षरांत उतरवून घेई. त्याच वहीत देवळाच्या अन्नदानाची देणगीही माझ्याच हातची आहे. बेरीज कधी चुकली नाही. अक्षरओळख नसलेला एक वृद्ध कुळवाडी दर हंगामाला पावती माझ्याच हाती देऊन, काय लिहिले आहे ते वाचून दाखवा, म्हणे. आणि मी वाचून दाखवीत असे.

म्हणून प्रवचन देऊ नकोस. येत्या कापणीत मुलांना सरकारी खरेदी केंद्रावर ने. 17 टक्क्यांच्या मर्यादेसाठी ओलावा कसा मोजतात, रस्त्यावर वाळत घातलेले भात पुन्हा भिजले तर त्या रात्रीची मजुरी कोणाच्या अंगावर पडते, हे त्यांना पाहू दे, आणि त्या दिवसाचा जमाखर्च शेतकऱ्याच्या बाजूने लिहावयास लाव. त्या दिवशी मलाही बोलाव. ती पावती वाचताना मी कोणता आकडा भरभर उच्चारीत असे, हे मी त्यांस स्वतः सांगेन.

तुझा,
मामा